हरणाऱ्या संघाचा बखरकार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तहनामे आणि दरबारी बखरी येतात. पण प्रत्येक शहरात एक बखरकार असा असतो की, ज्याला कोणी बखरकार म्हणत नाही. तो मैदानाच्या कडेला उभा राहतो, गुणलेखकाच्या वहीवरून आकडे उतरवून घेतो, रात्री कार्यालयात जाऊन दहा ओळी लिहितो आणि घरी येतो. स्थानिक वर्तमानपत्राचा क्रीडा वार्ताहर तो हाच. नागपूरच्या अशा वार्ताहराच्या दीर्घ चाकरीकडे आज जरा थांबून पाहायला हवे.

नागपूरची वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये येथे 'हितवाद' सुरू केला. पुढे मराठी दैनिके आली. 'लोकमत' १९७१ पासून दैनिक झाले. खेळाची परंपराही तेवढीच जुनी. सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरातच झाला. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत तेच कर्णधार होते आणि मोहम्मद निसार, वझीर अली, नझीर अली, जहांगीर खान त्यांच्या संघात होते. मराठी दैनिकात खेळाला मानाचे पान मिळाले ते मात्र बऱ्याच उशिरा. 'महाराष्ट्र टाइम्स'च्या वि. वि. करमरकर यांनी क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खोलाही जागा देऊन ते पान उभे केले. मार्च २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा मराठी क्रीडा पत्रकारितेचे जनक म्हणून त्यांची आठवण काढली गेली.

पण मुंबईचा वार्ताहर आणि नागपूरचा वार्ताहर यांच्या नशिबात फरक होता. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईने जिंकला. विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये रणजीत उतरला आणि पुढची साठ वर्षे करंडक त्याच्या हाती आला नाही. जिंकणाऱ्याचे वर्णन करायला शब्द आपोआप सुचतात. हरणाऱ्या संघाबद्दल वर्षानुवर्षे लिहायचे, तेही उद्या त्याच खेळाडूच्या डोळ्याला डोळा देता येईल अशा रीतीने, हे अवघड काम आहे. टीका करायची, पण अपमान करायचा नाही. कौतुक करायचे, पण खोटे नाही.

समजा, ऑक्टोबर १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर नागपूरची पहिली कसोटी झाली, तेव्हा कुणी विशीतला तरुण या कामाला लागला. चाकरीच्या आरंभीच त्याला पराभवाची बातमी लिहावी लागली असेल. न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरवले. भारतभूमीवरील त्यांचा तो पहिलाच कसोटी विजय. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी त्याच मैदानावर चेतन शर्मा यांनी विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक घेतली आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकावले. योगायोगाने तो नायडूंचा जन्मदिवस होता.

आणि मग नोव्हेंबर १९९५. न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात उपाहाराच्या वेळी प्रेक्षागृहातील भिंत कोसळली आणि खेळ पाहायला आलेली माणसे मृत्युमुखी पडली. सामना मात्र पुढे चालू राहिला. अशा दिवशी वार्ताहराने धावा मोजायच्या की माणसे? मैदान हे शहराच्या बाहेर नसते, हे त्याला त्या दिवशी नव्याने कळले असेल.

२००८ मध्ये कसोटी जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर गेली. आपला वार्ताहर एव्हाना निवृत्तीला आलेला. म्हणजे त्याच्या साऱ्या चाकरीत विदर्भाने करंडक उचलल्याची बातमी त्याला एकदाही लिहिता आली नाही. ती बातमी आली १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरहून. रजनीश गुरबानीच्या हॅट्‌ट्रिकनंतर दिल्लीला नऊ गडी राखून हरवले गेले. कर्णधार होता नागपूरचाच फैज फजल. त्याने २००३-०४ मध्ये विदर्भाकडून पदार्पण केले होते. त्या मोसमात त्याने ९१२ धावा काढल्या. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा आला आणि वसीम जाफरने विदर्भासाठी १०३७ धावा केल्या. २०२५ मध्ये तिसरा करंडक आला.

दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांना फैज फजल तेव्हा दिसला. नागपूरच्या पानावर तो चौदा वर्षे होता.

आपल्या दृष्टीने या पानाला आणखी एक अर्थ आहे. वर्तमानपत्रात मुसलमानांची नावे कोणत्या रकान्यांत येतात, हे आपण सर्वजण जाणतो. दंगल, अटक, वादग्रस्त विधान. क्रीडा पानावर मात्र नावापुढे फक्त धावा किंवा गोल लिहिलेले असतात. मोमिनपुऱ्यातील यंग मुस्लिम क्लब आणि कामठीचा रब्बानी क्लब यांनी नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये आपले स्थान मिळवले. त्यांचे सामने दूरचित्रवाणीने दाखवले नाहीत. ज्या पोराने निर्णायक गोल केला, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचले गेले, ते केवळ कुणी वार्ताहर सामना संपेपर्यंत थांबला म्हणून. त्या मुलाच्या अम्मीने ते कात्रण जपून ठेवले असेल. पुष्कळदा तोच एकमेव पुरावा असतो.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा जग धावून आले. परंतु अशा प्रत्येक विजेत्याच्या आधी शालेय स्पर्धांचे शेकडो निकाल छापलेले असतात, आणि त्यांतली बहुतेक मुले पुढे कुठेच पोहोचत नाहीत. त्यांचीही नोंद घेणे हेच तर वार्ताहराचे काम.

आता जिल्ह्याच्या सामन्यांची जागा आयपीएल घेत आहे. जुन्या फायली पिवळ्या पडून तुटत आहेत. मोमिनपुरा आणि कामठीच्या फुटबॉलचा इतिहास उद्या कुणाला लिहावासा वाटला, तर तो दहा ओळींच्या त्या जुन्या बातम्यांतूनच उभा करावा लागेल. म्हणून ज्यांच्या घरी अशी कात्रणे आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. क्लबांनी आपल्या जुन्या वह्या, छायाचित्रे एकत्र करावीत. आणि ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे या बातम्या लिहिल्या, ते म्हातारे वार्ताहर अजून हयात आहेत, तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसावे. त्यांना पुष्कळ आठवत असते. विचारायला कुणी जात नाही, एवढेच.