कमलाबाई सोहोनी आणि संशोधनाचे दार
१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झालेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी त्या स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर, वर्षभर काम पाहून मगच मान्यता देऊ, या अटीवर त्यांना घेतले. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी इतके चोख काम केले की पुढे तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. विवाहानंतर सोहोनी झालेल्या कमलाबाईंनी मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. भगिनींनो, आज आपल्या लेकी प्रयोगशाळेत सहज जातात. ते दार उघडण्यासाठी एकीला वर्षभर परीक्षा द्यावी लागली, हे त्यांना जरूर सांगावे.