मेरी डिसोझा : धावपटू व रिले खेळाडू म्हणून कारकीर्द (१९५१-१९५४)

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात १९५२ हे वर्ष प्रामुख्याने खाशाबा जाधव यांच्या नावाने ओळखले जाते. कोल्हापूर परिसरात तर हेलसिंकी ऑलिम्पिकचा उल्लेख निघताच राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभारलेल्या सात हजार रुपयांची आठवण हटकून निघते. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच पथकात मुंबईच्या वांद्रे येथील एक धावपटू होती आणि तिच्या प्रवासखर्चाची कथाही फारशी वेगळी नव्हती, ही गोष्ट मराठी लेखनात क्वचितच नोंदविली गेली आहे. मेरी डिसोझा हे त्या खेळाडूचे नाव होय.

मेरी डिसोझा यांचा जन्म १९३१ चा. धावणे आणि हॉकी हे दोन्ही खेळ त्या सारख्याच ओढीने खेळत. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्यात ११ देश सहभागी झाले होते. या स्पर्धेत मेरी डिसोझा यांनी २०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले व ४ × १०० मीटर रिलेमध्ये रौप्यपदक विजेत्या भारतीय संघात त्या होत्या. याच स्पर्धेत १०० मीटरचे रौप्यपदक रोशन मिस्त्री यांना मिळाले. पुरुषांच्या १०० व २०० मीटरची सुवर्णपदके लेव्ही पिंटो यांनी जिंकली, तेही मुंबईचेच. मुंबईतील ख्रिस्ती व पारशी समाजांत मुलींच्या मैदानी खेळांना जी मोकळीक होती, तिचा या यशाशी निकटचा संबंध दिसतो.

पुढील वर्षी ऑलिम्पिकसाठी निवड झाली, मात्र खर्चाची तरतूद नव्हती. तेव्हा मित्रमंडळींनी नृत्याचा व पत्त्यांच्या खेळाचा कार्यक्रम योजून निधी गोळा केला. कोल्हापुरात घर गहाण पडले, वांद्र्यात पत्त्यांचे डाव मांडले गेले. नव्या प्रजासत्ताकाचे खेळाडू जगासमोर गेले ते असे. हेलसिंकीच्या पथकात चार महिला होत्या. मेरी डिसोझा व नीलिमा घोष या धावपटू, तर डॉली नझीर व आरती साहा या जलतरणपटू. आरती साहा त्या वेळी अवघ्या ११ वर्षांच्या होत्या. मेरी डिसोझा १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यतींत पहिल्या फेरीतच बाद झाल्या. या अपयशाचे मूल्यमापन करताना दोन्ही शर्यती ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सन यांनी जिंकल्या, हे ध्यानात ठेवावयास हवे. अंतर गुणवत्तेइतकेच प्रशिक्षणाचेही होते.

रिले हा प्रकार मात्र केवळ वेगावर अवलंबून नसतो. धावती काठी ठरलेल्या पट्ट्यातच एका हातातून दुसऱ्या हाती जावी लागते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अंतिम शर्यतीत आघाडीवर असलेल्या जर्मन महिला संघाची काठी शेवटच्या अदलाबदलीत खाली पडली आणि हातचे सुवर्णपदक गेले. हेलसिंकीत हीच वेळ ऑस्ट्रेलियावर आली. अमेरिका व जर्मनी या दोन्ही संघांनी ४५.९ सेकंद अशी समान वेळ नोंदविली, पण सुवर्ण अमेरिकेला व रौप्य जर्मनीला मिळाले. तात्पर्य, येथे चौघींचा एकत्र सराव निर्णायक ठरतो.

१९५४ च्या मनिला येथील दुसऱ्या आशियाई स्पर्धेत क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स व मेरी डिसोझा या चौघींनी ४९.५ सेकंदांत सुवर्णपदक पटकावले. जपानी धावपटूंचे वर्चस्व पाहता हे यश लहान नव्हते. २०२३ मध्ये हँगझोऊ येथे झालेल्या स्पर्धेपर्यंत भारतीय महिलांना या शर्यतीत पुन्हा सुवर्ण मिळालेले नाही. असे असूनही आशियाई स्पर्धेतील भारतीय महिलांच्या यशाची कथा बहुधा १९७० मधील कमलजित संधू यांच्या ४०० मीटरच्या सुवर्णपदकापासून सांगितली जाते. ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होते, हे खरे. पण ‘वैयक्तिक’ हा शब्द गळला की चार नावे इतिहासातून गळतात. सांघिक यशाला चेहरा नसतो, ही इतिहासलेखनाची जुनी अडचण आहे.

मेरी डिसोझा यांनी हॉकीतही देशाचे प्रतिनिधित्व केले. १९५३ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या खेळल्या. सहकारी स्टेफी डिसोझा यांना १९६३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मेरी डिसोझा यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, मनिलाच्या त्या शर्यतीनंतर ५९ वर्षांनी.