पुणे स्टेशन, आकुर्डीकडून

पुणे स्टेशनच्या आजच्या इमारतीला 27 जुलै 2025 रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. 1925 साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते. शताब्दीच्या निमित्ताने जे लिहिले-बोलले गेले त्यात कमानी, दगड आणि दर्शनी भागाचे वर्णन भरपूर होते. ते योग्यच आहे. पण मी राहतो आकुर्डीत, म्हणजे लोणावळ्याच्या दिशेने पुण्यापासून सातव्या स्टेशनावर, आणि एवढ्या अंतरावरून पाहिले की पुणे स्टेशनच्या इतिहासातली एक वेगळीच गोष्ट नजरेत भरते. हे स्टेशन पुण्याची वेस होते. वेशीवर गर्दी जमते, आणि सत्तेचे लक्ष नेहमी त्या गर्दीकडे असते.

प्रथम रुळांविषयी. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ची, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपल्या दारावरून जाणारा मार्ग मात्र सहसा कोणाच्या लक्षात नसतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने खंडाळा ते पुणे हा टप्पा 14 जून 1858 रोजी सुरू केला, तेव्हा घाटात रूळ नव्हते. मुंबईकडची गाडी खोपोलीला येऊन थांबे, पुण्याकडची खंडाळ्याहून सुटे आणि मधला घाट उतारू पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून पार करत. या घाटातून चाकाची वाहने जातील असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात 1830 साली झाला होता. त्याच रस्त्याने ही ने-आण चाले. जवळजवळ पाच वर्षे असेच चालले. म्हणजे देहू, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शिवारांतून धावणारी आगगाडी पाच वर्षे मुंबईपासून तुटलेली होती. इंजिन आणि डबे आधी घाटावर चढवावे लागले, मग ते आमच्याकडे धावले.

घाट पूर्ण झाला 21 एप्रिल 1863 रोजी. उद्घाटनाला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर आले होते. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट, आणि पंचवीस बोगदे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव पुस्तकांत येते. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचे नाव तेवढे येत नाही आणि त्याच्या पत्नीचे तर त्याहून कमी. ट्रेडवेल 1859 साली कामावर रुजू झाला आणि काही आठवड्यांतच वारला. त्यानंतर ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या हाती ठेवले, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेले. तिच्या आधीच्या कंत्राटदाराच्या वेळी मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला होता. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक माणसे या घाटात खपत होती. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी त्यांतली किती नेली याचे आकडे अंदाजाचे आहेत, नावे तर नाहीतच. लोणावळा लोकलमधून घाटाच्या तोंडाशी जाताना मला पहिल्यांदा आठवतात ते हे लोक.

पुणे स्टेशन शहरापासून लांब का, हा प्रश्न बाहेरगावच्या पाहुण्याला पडतोच. कसबा, शनिवार, सदाशिव या पेठा एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, छावणीच्या अंगाला. माझ्या मते यात गूढ काही नाही. 1858 साली राज्यकर्त्यांच्या मनात उठावाच्या आठवणी ताज्या होत्या. पुण्यातल्या लष्कराला दारूगोळा आणि माणसे वेळेवर मिळणे महत्त्वाचे. पेठेतल्या भटजींची आणि बागवानांची सोय हा नंतरचा विचार. पुढे स्टेशनभोवती वस्ती वाढली आणि ‘पुणे स्टेशन’ हे एका भागाचे नावच होऊन बसले.

सरकारने या रेल्वेकडे संशयाने पाहण्याचा एक ठसठशीत प्रसंग 1897 चा. प्लेग आवरण्यासाठी त्या वर्षी जो साथरोग कायदा झाला, त्याने आगगाडीने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा स्पष्ट अधिकार दिला. गाडीतून उतरणारा माणूस हा आधी संशयित, मग उतारू. शहरातल्या घरझडत्यांचा संताप काय झाला हे सर्वश्रुत आहे. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरी चापेकर हे चिंचवडचे.

या चिंचवडचे नाव पुणे स्टेशनच्या इतिहासात आणखी एकदा येते आणि त्या दिवसावर मी थोडा रेंगाळणार आहे.

तारीख 9 ऑगस्ट 1942. आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झालेला. पहाटे अटकसत्र झाले आणि नेत्यांना एका खास गाडीत बसवून घाटावर आणण्यात आले. गांधीजींना ठेवायचे होते आगाखान पॅलेसमध्ये, म्हणजे नगर रस्त्यावर, पुण्याच्या पूर्वेला. पुणे स्टेशनापासून हे ठिकाण सहा-सात किलोमीटर. तरी गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू यांना पुण्यापर्यंत आणलेच नाही. गाडी चिंचवडला थांबवली, त्यांना तिथे उतरवले आणि पुढे मोटारीने नेले. अंतर पडले जवळपास तिप्पट.

असे का केले, याचे उत्तर त्याच गाडीने तासाभरात दिले. उरलेले नेते घेऊन ती अहमदनगरच्या किल्ल्याकडे निघाली होती आणि वाटेत पुणे स्टेशनात थांबली. फलाटावरच्या लोकांनी डब्यातले नेते ओळखले, ते धावत आले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ते पाहून जवाहरलाल नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून फलाटावर उडी घेतली आणि पोलिसांना आवरायला धावले. पोलिसांनी त्यांना धरून पुन्हा आत चढवले. सोबतच्या मौलाना आझादांनी हा प्रसंग आठवणींत नोंदवला आहे.

एकच गाडी, सतरा किलोमीटरवरची दोन स्टेशने. चिंचवडला तेव्हा कारखाने नव्हते, सोसायट्या नव्हत्या; मोरया गोसावींचे देवस्थान, शेते आणि एक लहानसे स्टेशन. तिथे देशातला सर्वांत मोठा कैदी उतरला तरी गर्दीचा प्रश्न आला नाही. पुण्यात गाडी नुसती थांबली तरी ती खिडकीतून बाहेर सांडली. कमानींपेक्षा मला या इमारतीचे मोल इथे दिसते. सहाच दिवसांनी, 15 ऑगस्टला, महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये गेले. त्यांचा मोकळ्या फलाटावरचा शेवटचा पाय चिंचवडला पडला. त्या गाडीने आकुर्डीचे शिवारही ओलांडले असणार, चिंचवडच्या थोडे अलीकडे.

त्यानंतरच्या काळात हे शिवार ओळखू येईनासे झाले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीत बजाज ऑटो. एका बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता आणि दुसऱ्या बाजूला रूळ, यांच्या आधाराने कारखान्यांची रांग लागली. 11 मार्च 1978 रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि पुणे स्टेशनला तिच्यामुळे एक नवा उतारू मिळाला: पाळीवर जाणारा कामगार. आकुर्डीच्या कारखान्यातून पुढे स्कूटर निघणे बंद झाले, स्टेशनालगत महाविद्यालये उभी राहिली आणि डब्यातले डबेवाले कामगार जाऊन पाठपिशव्यावाली मुले आली. चाकणच्या पट्ट्यातल्या मोटारींचेही आता रेल्वेशी नाते आहे; चिंचवडहून त्या मालगाडीत चढतात.

डेक्कन क्वीनचे कौतुक इथे टाळता येत नाही, जरी ती आमच्या आकुर्डीला कधी थांबली नाही. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण 1929 मध्ये झाले, त्याच सुमारास घाटातले गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन नव्या बोगद्यांमुळे निकामी झाले आणि 1 जून 1930 रोजी ही गाडी सुरू झाली. आजही दर 1 जूनला पुणे स्टेशनात तिच्यासाठी केक कापला जातो. पासधारक हार घालतात. आगगाडीचा वाढदिवस करणारी माणसे मला फार आवडतात. त्यांना वारसा या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता स्टेशनांच्या पुनर्विकासाचे दिवस आहेत. अमृत भारत योजनेच्या यादीत आकुर्डी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव ही नावे आहेत. सरकते जिने हवेत, स्वच्छ पाणी हवे, चढता-उतरता येईल असे फलाट हवेत; याला विरोध करण्याचे कारण नाही. माझी धास्ती दुसरी आहे. विमानतळाच्या धर्तीवर स्टेशन बांधायचे म्हणजे तिकीट नसलेल्याला बाहेर ठेवायचे, आणि स्टेशनाचे स्टेशनपण तर प्रवास न करणाऱ्यांवरही उभे असते. निरोप द्यायला आलेली आई, कोणाला तरी पाहायला आलेला घोळका, पावसात आडोशाला थांबलेला हमाल, यांना उभे राहायला जागा लागते. 1942 च्या त्या फलाटावरच्या किती जणांच्या खिशात तिकीट होते?

आषाढात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसरा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते. त्या संध्याकाळी आमच्या स्टेशनावर लोकल रिकामी होते. खांद्यावर पताका, डोक्यावर वळकटी, हातात नातवाचे बोट. गाडी गेली तरी माणसे लगेच पांगत नाहीत. कोणी फलाटावरच्या बाकावर पिशवी सोडून भाकरी काढते, कोणी चुकामूक झालेल्याची वाट पाहते, आणि जिन्याखाली कुठेतरी टाळ वाजू लागतात.