किडरमिन्स्टरचा पाळक

कीर्तनप्रवचनांस नेमाने जाणाऱ्या एखाद्या गृहस्थास, 'आज निरूपण काय झाले?' असे विचारावे आणि 'फार उत्तम झाले' यापलीकडे त्यास काही सांगता येऊ नये, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांस असेल. उपदेशकाच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी दुःखद होय; परंतु बहुतेकांस ती कळतच नाही, कारण ते विचारावयास जात नाहीत. सतराव्या शतकात इंग्लंडातील विणकरांच्या एका गावी एका धर्मोपदेशकाने ते विचारण्याचे धाडस केले. त्याचे नाव रिचर्ड बॅक्स्टर.

बॅक्स्टरचा जन्म १६१५ सालचा. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. जे शिकला ते बहुतांशी स्वतःच्या वाचनावर. प्रकृती तर अशी की, आपण आता फार दिवस जगत नाही, हीच भावना त्यास जन्मभर होती. वुस्टरशायरमधील किडरमिन्स्टर येथे १६४१ साली तो आला, तोही एका भांडणाच्या निमित्ताने. तेथील मुख्य धर्माधिकारी, ज्यास तिकडे व्हिकर म्हणतात, अल्पशिक्षित होता. तीन महिन्यांतून एकदा प्रवचन करी. आणि त्याचा मदतनीस मद्यपी. गावकऱ्यांनी गाऱ्हाणे वर नेण्याचे ठरविताच व्हिकरने वर्षास साठ पौंड देऊन लोकांच्या पसंतीचा प्रवचनकार ठेवण्याचे कबूल केले. ती निवड बॅक्स्टरची झाली.

आरंभी गावाने त्याचे फारसे कौतुक केले नाही. अर्भकेही जन्मतः पापाचे वारस असतात, असे तो एकदा बोलला, तेव्हा अडाणी लोक त्याच्यावर संतापून उठले. पुढे १६४२ साली राजा व पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले आणि त्यास गाव सोडावे लागले. काही काळ तो पार्लमेंटच्या सैन्यात धर्मोपदेशक होता. १६४७ मध्ये तो मरणाच्या दारातून परत आला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यास पुनः बोलावून घेतले. जुना व्हिकर आता पदच्युत झाला होता. पण त्याची जागा घेण्यास बॅक्स्टरने नकार दिला. म्हाताऱ्यास घरातून काढू दिले नाही, आणि त्यास वर्षाला चाळीस पौंड मिळत राहिले. बॅक्स्टरची स्वतःची प्राप्ती नव्वद पौंडांच्या आतच होती.

त्याची प्रवचने गाजली. सुमारे हजार माणसांचे चर्च अपुरे पडून आत पाच सज्जे बांधावे लागले. एखादा दुसरा उपदेशक येथेच कृतार्थ झाला असता. परंतु एकेका माणसास जवळ बसवून विचारता बॅक्स्टरच्या असे ध्यानात आले की, आठ-आठ, दहा-दहा वर्षे आपल्यासमोर बसणाऱ्या कित्येकांस ख्रिस्त देव की मनुष्य हेही सांगता येत नाही. आणि अशाच माणसास अर्ध्या तासाच्या जवळिकीच्या बोलण्याने जे उमजते, ते दहा वर्षांच्या प्रवचनांनी उमजलेले नसते. इतक्या नामांकित वक्त्याने आपल्या वक्तृत्वाविरुद्ध असा पुरावा गोळा करावा आणि तो छापून प्रसिद्ध करावा, याचे मला राहून राहून नवल वाटते. १६५५ च्या डिसेंबरात वुस्टर येथे जिल्ह्यातील धर्मोपदेशकांची सभा व्हावयाची होती. बॅक्स्टर आजारी पडल्याने जाऊ शकला नाही. तेथे जे बोलावयाचे ते त्याने लिहून काढले, आणि १६५६ मध्ये ते 'द रिफॉर्म्ड पास्टर' या नावाने ग्रंथरूपाने निघाले.

त्याची योजना साधी होती. त्याच्या हद्दीत आठशेंवर कुटुंबे होती. प्रत्येक घरी धर्मतत्त्वांची एक लहानशी प्रश्नोत्तरावली आगाऊ पोहोचवावयाची, आणि सोमवार व मंगळवार हे दोन दिवस सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत एकेका कुटुंबास सुमारे तासभर द्यावयाचा. गावातली कुटुंबे त्याच्याकडे येत. आसपासच्या वाड्यांतून त्याचा मदतनीस हिंडे. आठवड्यास पंधरा-सोळा कुटुंबे होत, म्हणजे वर्षभरात सारी वस्ती एकवार पुरी होई. यावयास नकार देणारे थोडेच निघाले.

या तासाविषयी त्याने दिलेल्या सूचना आजही वाचण्याजोग्या आहेत. चार माणसांदेखत कोणाची परीक्षा घेऊ नये, कारण लाजेने माणसाचे तोंड मिटते. उत्तर येत नसेल तर प्रश्न असा फिरवावा की 'होय' वा 'नाही' म्हणून तरी सुटता यावे. तेही जमेना, तर आपणच उत्तर सांगून त्याच्या मनावरचे ओझे उतरावे. हे सारे केवळ अध्यापनकौशल्य नव्हे. अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाची अब्रू राखण्याची ती काळजी होती.

गावात वैद्य नव्हता, तेव्हा पाच-सहा वर्षे औषधोपचारही त्यानेच केला, तोही फुकट. रोग्यांची दाराशी रीघ लागे. पण आपल्या हातून कोणाचा जीव जाईल, या भीतीने त्याने अखेर एक शिकलेला वैद्य आणून वसविला व मग औषधास हात लावला नाही. गरिबांस तो बायबल आणि पुस्तके वाटी. गाव विणकरांचे असल्याचा त्यास मोठा उपयोग झाला. शेतकऱ्यास नांगर धरून वाचता येत नाही. विणकरास मागावर बसल्या बसल्या समोर पोथी उघडी ठेवता येते. प्रथम एका आळीत एखादेच घर प्रार्थना करणारे होते. पुढे रविवारी रस्त्याने जाणाऱ्यास शंभर घरांतून स्तोत्रांचे स्वर ऐकू येत. हे वर्णन त्याचे स्वतःचे आहे. म्हणून त्यातून थोडी वजाबाकी करणे रास्त होईल.

वजाबाकी दुसऱ्या कारणानेही केली पाहिजे. आचरणाविषयी बॅक्स्टरचा कटाक्ष कडक होता. ती शिस्त मान्य करील त्यासच प्रभुभोजनाच्या पंक्तीस घ्यावयाचे, असा त्याचा नियम. वयात आलेली माणसे सोळाशेंच्या वर, पण पंक्तीस बसणारी सुमारे सहाशे. उरलेल्यांपैकी किती अश्रद्धेने दूर राहिले आणि किती या देखरेखीस कंटाळून, हे कोण सांगणार? ज्या घरी पाळक इतक्या नेमाने शिरतो, तेथे त्याचा आधार वाटतो तसा जाचही वाटत असेलच.

१६६० साली राजसत्ता परत आली. बॅक्स्टरपुढे हेरफर्डचे बिशपपद ठेवण्यात आले. ते त्याने नाकारले आणि मागितले काय, तर किडरमिन्स्टर! वेतन नको, जुन्या व्हिकरच्या हाताखाली राहीन, येथवर तो उतरला. परंतु जुना व्हिकर आपल्या जागी परतला होता आणि नव्या बिशपची मर्जी नव्हती. १६६२ मध्ये एकरूपतेचा कायदा होऊन सुमारे दोन हजार धर्मोपदेशक बाहेर पडले, त्यांत हाही होता. पुढे १६८५ मध्ये न्यायाधीश जेफ्रीझ याने भर न्यायासनावरून त्याची विटंबना करून त्यास तुरुंगात धाडले. १६९१ साली तो लंडनमध्ये वारला.

किडरमिन्स्टरच्या लोकांस निरोप देण्यासाठी त्याने एक प्रवचन सिद्ध केले होते. ते करण्याची परवानगी मिळाली नाही. वीस-एकवीस वर्षांनी, १६८३ मध्ये, ते छापून निघाले.