पहिले पाच आणि बाकावरचे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेतली एखादी आठवण लिहा' असे सुचवले होते. आठवणी इतर मित्रमैत्रिणींनी माझ्यापेक्षा रंगवून लिहिल्या असतील. मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मला इतिहासच लिहिता येतो. म्हणून बास्केटबॉलच्या इतिहासातला एक निर्णय घेऊन बसलो आहे. त्याला निमित्त आपल्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथे वर्षातून दोनदा तरी एकच वाद डोके वर काढतो: नववीत आपला संघ ओळीने हरत होता, तेव्हा सरांनी पहिले पाच बदलायला हवे होते की नको? एक बाजू म्हणते, रोज तेच पाच उतरवून वेगळे काय होणार होते? दुसरी म्हणते, त्यांना बसवून खेळवणार कोणाला होते, तुला? मी त्या संघात आठवा होतो, म्हणजे हा प्रश्न मी बाकावरून अगदी जवळून पाहिला आहे. सरांनी काय करायला हवे होते, याचा निकाल मी देणार नाही. पण हरणाऱ्या संघात बदल कसा होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे सांगणारे एक चांगले उदाहरण माझ्याकडे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ सुरू केला, तेव्हा एका बाजूला नऊ खेळाडू होते. कारण साधे होते. त्यांच्या वर्गात अठरा विद्यार्थी होते. सगळ्यांना खेळायला मिळाले, बाकावर कोणीच उरले नाही. पाचांचा संघ पुढच्या काही वर्षांत रूढ झाला आणि त्याबरोबर बाक आला. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन नियमांत सुरुवातीला एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. १९२०-२१ पासून एकदा परत येण्याची मुभा मिळाली, १९३३-३४ पासून दोनदा, आणि १९४४-४५ पासून हवे तितके बदल करता येऊ लागले. टाइमआउटमध्ये प्रशिक्षकाने खेळाडूंशी बोलावे, ही परवानगी तर १९४८-४९ ची. तोवर प्रशिक्षकाने सामन्याआधी जे सांगितले ते सांगितले, शिट्टी वाजल्यावर तो जवळजवळ प्रेक्षकच.

आपण सगळे क्रिकेटवर वाढलो. तिथे अकरा ठरले की ठरले. आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर' यायला २०२३ साल उजाडावे लागले. त्यामुळे 'संघातून काढले' हे शब्द आपल्या कानाला शिक्षेसारखे लागतात. बास्केटबॉलमध्ये मात्र बाहेर बसणे आणि आत येणे हा खेळाचाच भाग आहे. १९५० ते १९६६ या काळात बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक असलेल्या रेड ऑरबाक यांनी हे आधी ओळखले. फ्रँक रॅमझीसारखा उत्तम खेळाडू ते मुद्दाम सुरुवातीला बसवून ठेवत. समोरचे पाच दमले की ताजा रॅमझी आत येई. सामना कोण सुरू करतो यापेक्षा शेवटच्या मिनिटांत मैदानावर कोण असतो, हे ऑरबाक यांना मोलाचे वाटे. त्यांच्या हाताखाली सेल्टिक्सने नऊ विजेतेपदे मिळवली आणि 'सहावा खेळाडू' हा मानाचा शब्द झाला.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. साल २०१५. एनबीएची अंतिम मालिका, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. सातपैकी चार सामने जिंकणारा विजेता. वॉरियर्सने साखळीतल्या ८२ सामन्यांपैकी ६७ जिंकले होते, म्हणजे या संघाला कोणी रडका संघ म्हटले नसते. पण अंतिम मालिकेत तो अडकला. पहिला सामना जादा वेळेत १०८-१०० असा जिंकला, दुसरा जादा वेळेतच ९३-९५ असा हरला, आणि ९ जूनला तिसराही ९१-९६ असा गेला. क्लीव्हलँडचे दोन मोठे खेळाडू, केव्हिन लव्ह आणि कायरी अर्व्हिंग, जखमी होते, तरीही लेब्रॉन जेम्स एकहाती मालिका ओढत होता. खेळ संथ करायचा, चेंडू आपल्याकडे ठेवायचा आणि वॉरियर्सला धावूच द्यायचे नाही, हा त्यांचा डाव होता. तो नीट लागू पडत होता.

दुखणे कुठे होते? वॉरियर्सचा सेंटर अँड्र्यू बोगट सात फुटी, बचावात भक्कम, पण बास्केटपासून दूर उभा राहून गुण मिळवणारा नव्हता. त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणारा क्लीव्हलँडचा उंच सेंटर टिमोफे मोझगोव निर्धास्तपणे बास्केटजवळ थांबे आणि आत घुसणाऱ्या प्रत्येकाची वाट अडवे. बाहेर स्टेफ करीवर दोघे धावून जात. करीने चेंडू सोडला, तरी पुढे जायला जागा नसे. दोष एकट्या बोगटचा नव्हता. त्याच्या असण्याने मैदानाचा जो आकार होत होता, तो समोरच्यांच्या सोयीचा होता. हरणाऱ्या संघाकडे पाहताना 'कोण वाईट खेळतोय' हा प्रश्न सगळे विचारतात. 'या पाचांमुळे समोरच्याला काय सोपे जाते' हा प्रश्न फार थोडे विचारतात.

तो विचारला निक युरेन या अठ्ठावीस वर्षांच्या साहाय्यकाने. हा काही मुख्य सहप्रशिक्षक नव्हता. सामन्यांच्या चित्रफिती कापून तयार करणे आणि पडेल ते काम करणे, अगदी सरावाच्या वेळची गाणी लावण्यापर्यंत, हे त्याचे काम. तिसरा सामना हरल्यावर तो आदल्या वर्षीची, म्हणजे २०१४ ची अंतिम मालिका पाहत बसला. त्या मालिकेत सॅन अँटोनियो स्पर्स आणि मायामी हीट १-१ अशा बरोबरीत असताना स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी उंच टियागो स्प्लिटरला बसवून चेंडू छान फिरवणाऱ्या बोरिस डियावला पहिल्या पाचांत घेतले होते. लेब्रॉन तेव्हा मायामीकडून खेळत होता. स्पर्सने तिसरा सामना १११-९२ असा जिंकला आणि पुढे मालिका ४-१ अशी खिशात घातली. युरेनला वाटले, आपणही बोगटच्या जागी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवावे. रात्री उशिरा तो ल्यूक वॉल्टन या सहप्रशिक्षकाशी बोलला, आणि कल्पना मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्यापर्यंत गेली. कर स्वतः पूर्वी पोपोविच यांच्याच संघात खेळलेले. त्यांनी ती उचलली.

मित्रमैत्रिणींनो, मला या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग इथे नाही, आठ महिने मागे आहे. इग्वोडाला हा नावाजलेला खेळाडू. एनबीएमधल्या आधीच्या दहा वर्षांत तो जितके सामने खेळला, त्या प्रत्येक सामन्यात तो पहिल्या पाचांत होता. २०१४ च्या हंगामाच्या सुरुवातीला, नव्याने आलेल्या कर यांनी त्याला बाकावरून यायला सांगितले आणि तरुण हॅरिसन बार्न्सला पहिल्या पाचांत घेतले. दहा वर्षांचा मान असा एका वाक्यात जातो, तेव्हा माणसाला लागतेच. इग्वोडालाने ते मान्य केले. साखळीतल्या एकाही सामन्यात तो सुरुवातीला उतरला नाही. त्याच हंगामात डेव्हिड ली हा नामांकित खेळाडू दुखापतीमुळे बाहेर बसला, त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीन आला आणि लीला ती जागा परत मिळाली नाही. लीनेही संघ मोडेल असे काही केले नाही. जूनमध्ये बदल करणे शक्य झाले, कारण ऑक्टोबरमध्ये दुखावलेल्या माणसांनी मन मोठे ठेवले होते.

चौथा सामना ११ जूनला क्लीव्हलँडमध्ये झाला. आपल्याकडे १२ जूनची सकाळ होती, चहाचा कप हातात धरून मी तो पाहिला. सामन्याआधी पत्रकारांनी कर यांना विचारले, पहिले पाच बदलणार का? त्यांनी चक्क खोटे सांगितले, आणि सामन्यानंतर हसत कबूलही केले. ते खोटे बरे की वाईट, हे आपल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला सोपवतो. सामना सुरू झाला आणि पाहता पाहता क्लीव्हलँड ७-० ने पुढे गेले. नव्या रचनेत सेंटरच्या जागी ग्रीन होता, सुमारे साडेसहा फुटांचा, आणि त्याच्यासमोर सातफुटी मोझगोव. त्या क्षणी घाबरून बोगटला परत आत घेणे सगळ्यांत सोपे होते. कर थांबले. पहिले सत्र संपले तेव्हा वॉरियर्स ३१-२४ असे पुढे होते.

झाले असे, की बास्केटजवळ थांबायला मोझगोवला कारणच उरले नाही. पाचही जण बाहेरून चेंडू टाकू शकणारे किंवा फिरवू शकणारे. करीवर दोघे धावले की तो चेंडू ग्रीनला देई, आणि पुढे चौघांविरुद्ध तिघे अशी मोकळी वाट मिळे. इग्वोडालाला मोकळे सोडले, तर त्याने २२ गुण केले. शिवाय बचावात लेब्रॉनला तोच सांभाळत होता. किंमत मोजावी लागलीच. मोझगोवने उंचीच्या जोरावर २८ गुण केले. कर यांनी ते चालवून घेतले, कारण प्रत्येक बदलात काहीतरी सोडावे लागते. सामना १०३-८२ असा वॉरियर्सने जिंकला.

पाचव्या सामन्यात उत्तर देण्याची पाळी क्लीव्हलँडच्या डेव्हिड ब्लॅट यांची होती. त्यांनी आपलाही संघ ठेंगणा केला आणि आदल्या सामन्यात २८ गुण करणाऱ्या मोझगोवला जेमतेम ९ मिनिटे खेळवले. लेब्रॉनने ४० गुण करूनही ते १०४-९१ असे हरले. माझ्या मते हा शिकण्यासारखा धडा आहे. कर यांनी आपले दुखणे पाहून बदल केला, ब्लॅट यांनी समोरच्याचा बदल पाहून. दुसऱ्याच्या मापाचा शर्ट आपल्याला बसतोच असे नाही. १६ जूनला वॉरियर्सने सहावा सामना १०५-९७ असा जिंकला आणि १९७५ नंतर, चाळीस वर्षांनी, विजेतेपद मिळवले. मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वोडालाला मिळाला. मालिकेतले सगळे सामने सुरुवातीपासून न खेळता हा मान मिळवणारा तो पहिला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक सावधगिरीची सूचना देतो. एका कारणाने काहीच घडत नाही. क्लीव्हलँडचे दोन आधारस्तंभ जखमी होते, मोजक्या खेळाडूंवर सारा भार होता, ते दमत चालले होते. बोगटला न बसवताही वॉरियर्स कदाचित जिंकले असते. निर्णय यशस्वी ठरला की तो मागाहून उघडच योग्य वाटू लागतो. ७-० असताना तो तसा वाटत नव्हता. आपल्या ग्रुपवर सरांबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवलेले बरे. सरांच्या हाती ना चित्रफिती होत्या ना साहाय्यक. होते बारा पोरगे, एक सिमेंटचे मैदान आणि सहामाही परीक्षेपूर्वीचे चार सामने.

तरी शाळेतल्या संघालाही लागू पडतील अशा काही गोष्टी यात आहेत. बदल एकाच जागेचा केला, पाचांचा नाही; त्यामुळे काय बिघडते आणि काय सुधारते ते कळले. ज्याचे नाव कोणाला माहीत नव्हते, त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले, आणि जिंकल्यावर कर यांनी सर्वांसमक्ष त्याचे नाव घेतले. निर्णय घेतल्यावर पहिल्या धक्क्याला तो मागे घेतला नाही.

आणि बोगट? वर्षभर पहिल्या पाचांत असलेला, बचावासाठी त्या हंगामात गौरवला गेलेला हा माणूस चौथ्या सामन्यात सुमारे तीन मिनिटे खेळला, आणि पाचव्या-सहाव्यात एकदाही उतरला नाही. त्याच्यासाठी कोणताही चषक ठेवलेला नसतो. तो बाकावर बसला, आणि संघ एक राहिला. आपल्यापैकी काही जण आज कॉलनीतल्या किंवा शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: ज्याला बसवणार आहात, त्याला यादी लावण्याआधी स्वतः जाऊन सांगा, आणि का बसवतोय तेही सांगा. आत जाणाऱ्याला फार सांगावे लागत नाही, तो आनंदातच असतो. बसणाऱ्याला कारण कळले, तर तो उद्या बोलावल्यावर पळत येतो.