अनुराधा : अवकाशात जाऊन परत आलेले प्लास्टिक

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भातल्या हजारो लोकांनी आकाशात जळते पट्टे सरकताना पाहिले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, धातूचे भलेमोठे कडे पडलेले आढळले. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत पोकळ गोळेही मिळाले. हे एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. अवकाशात सोडलेल्या वस्तू वातावरणात शिरल्या की बहुधा जळूनच जातात आणि उरलेले खाली येते ते असे काळवंडून. मग एखादी वस्तू वर पाठवून, तिच्यावर उमटलेल्या सूक्ष्म खुणांसह, जशीच्या तशी परत आणायची असेल तर काय करावे? १९८५ साली मुंबईच्या शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर होते स्पेस शटल.

पुन्हा पुन्हा वापरता येणारे हे यान १९८१ साली प्रथम उडाले. सामान वर न्यायचे तसे ते खालीही आणत असे. २९ एप्रिल १९८५ रोजी ‘चॅलेंजर’ शटल सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. त्याच्या मालकक्षात ‘स्पेसलॅब-३’ नावाची प्रयोगशाळा बसवली होती. आत दोन लहान माकडे आणि चोवीस उंदीर होते. वजनरहित अवस्थेत स्फटिक वाढवण्याचे प्रयोग होते. द्रवाचे थेंब हवेत तरंगत ठेवून अभ्यासण्याचे एक उपकरण सुरुवातीलाच बंद पडले, तेव्हा ते तयार करणारे शास्त्रज्ञ टेलर वँग यांनी कक्षेतच बसून ते दुरुस्त केले. प्रयोगशाळेबाहेर, उघड्या मालकक्षात, एका चौकटीवर एक भारतीय उपकरण होते. त्याचे नाव ‘अनुराधा’, आपल्या सत्तावीस नक्षत्रांपैकी एकाचे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. सुकुमार बिश्वास हे या प्रयोगाचे प्रमुख होते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञही त्यात सहभागी होते. विषय होता विश्वकिरणांचा. होमी भाभांच्या काळापासून या संस्थेत त्याचा अभ्यास चालत आला आहे.

कोडे काय होते?

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारी अणुकेंद्रे. बहुतेक विश्वकिरण दूरच्या ताऱ्यांच्या प्रदेशातून येतात. प्रवासात त्यांच्याभोवतीचे सगळे इलेक्ट्रॉन गळून पडलेले असतात. ऑक्सिजनचे उदाहरण घेतले तर त्याचे आठही इलेक्ट्रॉन गेलेले, म्हणून प्रभार +८. परंतु १९७०च्या दशकात उपग्रहांवरील उपकरणांना एक विचित्र गोष्ट आढळली. कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांत ऑक्सिजन, नायट्रोजन, हेलियम यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होते. हे जादा कण आले कुठून?

१९७४ साली फिस्क, कोझलोव्हस्की आणि रामाटी यांनी एक कल्पना मांडली. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ वायू आहे. त्यातले प्रभारहीन अणू सूर्यमालेत मुक्तपणे शिरतात. सूर्याजवळ आले की त्यांचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो. मग सौरवारा त्यांना बाहेर वाहून नेतो आणि सूर्यमालेच्या सीमेकडे त्यांना वेग मिळतो. ही कल्पना खरी असेल तर अशा ऑक्सिजनचा प्रभार फक्त +१ असला पाहिजे. म्हणजे एका साध्या आकड्यावर सगळे अवलंबून होते : आठ की एक?

पृथ्वीची चाळणी

हा आकडा मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाच उपयोग केला. चुंबकीय क्षेत्रात प्रभारित कण वळतो. वस्तुमान आणि वेग तोच असताना प्रभार जितका अधिक, तितका तो जास्त वळतो. +८ प्रभाराचा ऑक्सिजन क्षेत्राबाहेर फेकला जाईल तिथे +१ प्रभाराचा ऑक्सिजन आत शिरू शकतो.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. चंद्रपूर आणि गडचिरोली साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे आपल्या डोक्यावर चुंबकीय रेषा जमिनीला बऱ्याचशा समांतर असतात. कमी ऊर्जेच्या कणांना त्या आडव्या ओलांडाव्या लागतात आणि ते त्यांना जमत नाही. इथे दार दोन्ही प्रकारच्या ऑक्सिजनला बंद. ध्रुवांकडे रेषा उभ्या होतात, तिथे दार दोघांनाही उघडे. मधल्या पट्ट्यात मात्र +१ला प्रवेश आहे आणि +८ला नाही. चॅलेंजरची कक्षा विषुववृत्ताशी ५७ अंशांचा कोन करत होती. सुमारे दीड तासाची एकेक फेरी मारताना ते वेगवेगळ्या पट्ट्यांवरून जात होते.

तेव्हा कण सापडला एवढे पुरेसे नव्हते. तो आदळला तेव्हा यान कोणत्या जागी होते, हे कळायला हवे होते. त्यासाठी वेळ कळायला हवी.

प्लास्टिकचे घड्याळ

कण टिपण्यासाठी सीआर-३९ नावाचे पारदर्शक प्लास्टिक वापरले होते. चष्म्याच्या भिंगांसाठीही हेच वापरतात. जड कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवरचे रेणू तुटतात. नंतर प्लास्टिक गरम सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवले की ती वाट भराभर झिजते आणि शंकूसारखा खड्डा तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली खड्ड्याचे माप घेऊन कण कोणत्या मूलद्रव्याचा आणि किती ऊर्जेचा, हे काढता येते. पण हे सारे प्रयोगशाळेतच शक्य आहे. म्हणून प्लास्टिक परत येणे अत्यावश्यक होते.

प्लास्टिकला वेळ मात्र कळत नाही. म्हणून अनुराधात दोन थर ठेवले होते. वरचा स्थिर, खालचा अगदी सावकाश टप्प्याटप्प्याने फिरणारा. कण दोन्ही थरांतून आरपार गेला तेव्हा दोन्ही खुणा एका रेषेत होत्या. पुढे खालची खूण सरकत गेली. परत आल्यावर दोन्ही खुणा जुळवण्यासाठी खालचा थर किती अंश फिरवावा लागतो, हे मोजले की कणाच्या आगमनाची वेळ मिळते.

हे वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या घ्या. खालची जुन्या घड्याळाच्या मिनिटकाट्याला चिकटवा, वरची स्थिर ठेवा. सुरुवातीला दोन्हींवर एकाच रेषेत खूण करा. मुलांना न सांगता कधीतरी दोन्हींतून टाचणी टोचून लगेच काढून घ्या. नंतर प्रत्येक चकतीवर खुणेपासून छिद्रापर्यंतचा कोन मुलांना मोजू द्या. दोन कोनांतील फरकाला सहाने भागले की टाचणी सुरुवातीनंतर किती मिनिटांनी टोचली ते निघते.

उत्तर

६ मे १९८५ रोजी चॅलेंजर कॅलिफोर्नियात सुखरूप उतरले आणि प्लास्टिक परत मिळाले. पुढची काही वर्षे खुणा शोधण्यात व जुळवण्यात गेली. +८ प्रभाराचा ऑक्सिजन जिथे पोहोचूच शकत नाही, अशा जागीही ऑक्सिजनचे कण सापडले होते. त्यांचा प्रभार एकाच्या आसपास असल्याचे दिसले. १९९२ साली सोडलेल्या ‘सॅम्पेक्स’ उपग्रहाच्या मोजमापांनी या निष्कर्षाला बळकटी दिली.

याच चॅलेंजरचा २८ जानेवारी १९८६ रोजी, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत, नाश झाला आणि सातही अंतराळवीर मरण पावले. २०११ साली शटलची उड्डाणे कायमची थांबली.

कोडे मात्र पुरते सुटलेले नाही. २००४ साली व्हॉयेजर-१ यानाने सौरवारा एकदम मंदावतो ती सीमा ओलांडली. या कणांना तिथेच वेग मिळतो, अशी अपेक्षा होती. पण यान गेले त्या ठिकाणी तसे दिसले नाही. हे कण मुळात ताऱ्यांमधल्या वायूचे अणू आहेत, हे आता सर्वमान्य आहे. त्यांना वेग नेमका कुठे आणि कसा मिळतो, यावर अजून काम चालू आहे.