धर्माचे मानसशास्त्र : उदय व विकास

मनुष्याची धर्मश्रद्धा, त्याच्या धार्मिक भावना, उपासना-प्रार्थनादी आचार आणि साक्षात्कारासारखे असामान्य अनुभव यांचा मानसशास्त्रीय दृष्टीने अभ्यास करणारी ज्ञानशाखा. ईश्वर आहे किंवा नाही, मरणोत्तर जीवन आहे किंवा नाही, हे तत्त्वज्ञानाचे व ईश्वरविद्येचे प्रश्न होत. मनुष्य ईश्वर का मानतो, केव्हा मानू लागतो आणि मानल्याने त्याच्या जीवनात काय पालट होतो, हे या शाखेचे प्रश्न होत. ही वाटणी वरवर पाहता सुटसुटीत दिसते. परंतु व्यवहारात ती टिकविणे अतिशय कठीण ठरले आहे. एखाद्या श्रद्धेचे मूळ भीतीत, इच्छेत किंवा मज्जासंस्थेच्या विकारात दाखवून दिले, म्हणजे ती श्रद्धा खोटी ठरते काय? या शाखेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या एका प्रश्नाशी चाललेल्या झगड्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : हा भेद स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम (१७११–७६) याच्याकडे जाते. द नॅचरल हिस्टरी ऑफ रिलिजन (१७५७) या ग्रंथाच्या आरंभीच त्याने धर्माला बुद्धीचा आधार कितपत आहे हा एक प्रश्न आणि मानवी स्वभावात त्याचा उगम कसा झाला हा दुसरा प्रश्न, अशी विभागणी केली. दुसऱ्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर असे, की निसर्गातील अद्‌भुताविषयीच्या जिज्ञासेतून धर्म जन्मला नाही; दुष्काळ, रोगराई, मृत्यू अशा अनिश्चित घटनांपुढे वाटणारे भय आणि आशा यांतून तो जन्मला. जर्मन ईश्वरवेत्ता फ्रीड्रिख श्लायरमाखर (१७६८–१८३४) याने धर्माचे मूळ भावनेतच आहे असे म्हटले. परंतु त्याच्या दृष्टीने ती भावना भयाची नसून संपूर्ण परावलंबित्वाच्या जाणिवेची होती आणि तिच्यामुळे धर्माला बाध न येता उलट आधारच मिळत होता. लूटव्हिख फॉइरबाख (१८०४–७२) याने १८४१ मध्ये याच्या नेमके उलट प्रतिपादन केले : मनुष्य आपलेच उत्तम गुण स्वतःपासून वेगळे काढून आकाशात नेऊन बसवितो आणि त्यांनाच ईश्वर म्हणून भजतो. भावना हेच धर्माचे मूळ, हे एकच गृहीतक घेऊन एक विचारवंत श्रद्धेकडे, तर दुसरा निरीश्वरवादाकडे गेला, ही गोष्ट पुढील वादांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ : धर्मजीवनाची प्रत्यक्ष माहिती गोळा करून अभ्यास करण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरुवात झाली. मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठ हे त्याचे पहिले केंद्र. तेथील अध्यक्ष स्टॅन्ली हॉल यांच्या प्रेरणेने जेम्स ल्यूबा (१८६८–१९४६) आणि एडविन स्टारबक (१८६६–१९४७) यांनी या कामास वाहून घेतले. स्टारबक यांनी प्रश्नावल्या पाठवून शेकडो व्यक्तींचे आत्मनिवेदन मिळविले आणि द सायकॉलॉजी ऑफ रिलिजन (१८९९) हा ग्रंथ सिद्ध केला. प्रॉटेस्टंट पंथीयांत ज्याला ‘परिवर्तन’ म्हणतात, म्हणजे पापबुद्धीच्या दीर्घ यातनेनंतर अकस्मात लाभणारी शांती व नवजीवनाची भावना, ते बहुधा पौगंडावस्थेत घडते, असे त्यांना आढळले. ईश्वरी कृपेचा क्षण शारीरिक व मानसिक वाढीच्या विशिष्ट वयाशी निगडित असावा, हा निष्कर्ष अनेक धर्मनिष्ठांना अस्वस्थ करणारा होता.

ल्यूबा यांची वृत्ती उघड संशयवादी होती. १९१४ मध्ये त्यांनी सु. एक हजार अमेरिकन शास्त्रज्ञांना प्रार्थनेला प्रतिसाद देणाऱ्या ईश्वरावर त्यांचा विश्वास आहे काय, असे विचारले. सु. ४२ टक्क्यांनी होकारार्थी उत्तर दिले. त्यांतील अधिक नामवंत शास्त्रज्ञांत मात्र हे प्रमाण सु. २८ टक्के होते. ज्ञानाच्या प्रसाराबरोबर श्रद्धा ओसरत जाईल, असा अंदाज ल्यूबा यांनी त्यावरून बांधला. १९९६ मध्ये हीच पाहणी पुन्हा केली असता सर्वसाधारण शास्त्रज्ञांतील प्रमाण जवळजवळ तितकेच, म्हणजे सु. ३९ टक्के आढळले. परंतु राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांमध्ये ते सु. ७ टक्के इतके उतरल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. या आकड्यांचा आधार दोन्ही पक्षांनी घेतला आहे. वस्तुतः कोण काय मानतो हे त्यांवरून कळते. जे मानले जाते ते खरे की खोटे, हे कळत नाही.

विल्यम जेम्स : या शाखेचा सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणजे विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांचा द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरिअन्स (१९०२). एडिंबरो विद्यापीठात १९०१-०२ मध्ये दिलेली गिफर्ड व्याख्याने त्यात ग्रथित झाली आहेत. जेम्स यांनी संस्थात्मक धर्म, कर्मकांड आणि धर्मसिद्धांत बाजूस ठेवले आणि एकांतातील व्यक्तीच्या अनुभवावर लक्ष केंद्रित केले. या व्याख्यानांचा प्रारंभच त्यांनी उत्पत्ती आणि मूल्य यांच्या भेदापासून केला. सेंट पॉलला दमास्कसच्या वाटेवर झालेले दर्शन हा अपस्माराचा झटका होता, असे म्हणून तो विषय संपविणाऱ्या भूमिकेला त्यांनी ‘वैद्यकीय जडवाद’ असे नाव दिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. प्रत्येक मानसिक अवस्थेला शारीरिक कारण असते. नास्तिकाच्या अश्रद्धेलाही ते असते आणि शास्त्रज्ञाच्या सिद्धांतालाही असते. सिद्धांताची परीक्षा करताना शास्त्रज्ञाच्या यकृताची चौकशी कोणी करीत नाही. मग हा न्याय केवळ धर्मालाच वेगळा का लावावा? श्रद्धेची पारख तिच्या मुळांवरून नव्हे, तर फळांवरून करावी, असा त्यांचा निकष होता. पुढे त्यांनी विकसित केलेल्या फलप्रामाण्यवादाशी तो सुसंगतच आहे [⟶ फलप्रामाण्यवाद].

जेम्स यांनी धार्मिक प्रवृत्तीचे दोन प्रकार कल्पिले : जगातील दुःखाकडे सहज पाठ फिरवू शकणारे निरोगी मन आणि त्या दुःखाने पोखरलेले व्याधिग्रस्त मन. दुसऱ्या प्रकारची उदाहरणे म्हणून त्यांनी बन्यन व टॉलस्टॉय यांची आत्मनिवेदने घेतली. तेथेच एका अनामिक फ्रेंच व्यक्तीच्या भीषण विषादाचे निवेदनही आहे. ते आपले स्वतःचेच होय, अशी कबुली त्यांनी नंतर ग्रंथाच्या फ्रेंच अनुवादकाला दिली. तरुणपणी जेम्स यांना अशा विषादाने ग्रासले होते. १८७० मध्ये शार्ल रनूव्ह्ये या फ्रेंच तत्त्वज्ञाचे इच्छास्वातंत्र्यावरील लेखन वाचून, आपली पहिली स्वतंत्र कृती म्हणजे स्वातंत्र्यावर विश्वास ठेवणे ही होय, असा निश्चय त्यांनी दैनंदिनीत नोंदविला होता. श्रद्धेचा प्रश्न त्यांच्यापुढे केवळ अभ्यासविषय म्हणून उभा नव्हता, हे यावरून दिसते. गूढानुभवाची अनिर्वचनीयता, ज्ञानरूपता, क्षणिकता आणि स्वाधीन नसणे ही चार लक्षणे त्यांनी सांगितली. त्यांच्या विवेचनात स्वामी विवेकानंदांच्या लेखनाचाही आधार आहे. असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण मानण्याचा त्याला अधिकार आहे. इतरांवर तो बंधनकारक नाही, असा त्यांचा निर्णय होता.

जेम्स यांच्या मतावरील आक्षेपही तितकेच महत्त्वाचे आहेत. इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड (१८४५–७९) याने १८७७ मध्येच असे बजावले होते, की अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे ही नैतिक चूक आहे. जुनाट जहाज सुरक्षित आहे अशी स्वतःची प्रामाणिक समजूत करून घेऊन ते उतारूंसह समुद्रात पाठविणारा मालक, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जेम्स यांनी ‘द विल टु बिलीव्ह’ (१८९६) या व्याख्यानात त्याला उत्तर दिले : जेथे निवड टाळता येत नाही, ती जीवनाला निर्णायक आहे आणि पुराव्याने निर्णय होऊ शकत नाही, तेथे निर्णय लांबणीवर टाकणे हीदेखील एक निवडच असते. तथापि एखादी श्रद्धा उपकारक आहे एवढ्यावरून ती सत्य ठरते काय, ही शंका शिल्लक राहतेच. मुळांवरून जसे असत्य सिद्ध होत नाही, तसे फळांवरून सत्यही सिद्ध होत नाही.

मनोविश्लेषण : सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १९०७ मधील एका निबंधात धार्मिक विधी आणि भावातिरेकी कृती यांतील साम्य दाखविले. द फ्यूचर ऑफ ॲन इल्यूजन या नावाने इंग्रजीत आलेल्या १९२७ च्या ग्रंथात त्यांनी धर्म हा बालपणीच्या असहायतेतून व पित्याच्या संरक्षणाच्या ओढीतून निर्माण झालेला भ्रम होय, असे मत मांडले. येथे एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. त्यांच्या परिभाषेत भ्रम म्हणजे खोटी समजूत नव्हे, तर इच्छापूर्ती ही जिची प्रमुख प्रेरणा आहे अशी समजूत. ती क्वचित खरीही असू शकते. म्हणजे उत्पत्ती व सत्यता यांतील भेद फ्रॉइड यांनाही मान्य होता. मात्र ग्रंथाचा एकूण सूर हा भेद पुसून टाकणारा आहे. त्यांचे स्नेही व झुरिकचे धर्मोपदेशक ऑस्कर फिस्टर (१८७३–१९५६) यांनी १९२८ मध्ये त्याला प्रत्युत्तर दिले. विज्ञान मानवजातीचा उद्धार करील ही फ्रॉइड यांची आशाही इच्छेतूनच उपजलेली नाही काय, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. इतका तीव्र मतभेद असूनही दोघांची मैत्री अभंग राहिली.

याच सुमारास रामकृष्ण परमहंसांचे चरित्र लिहिण्याच्या तयारीत असलेले फ्रेंच साहित्यिक रोमां रोलां (१८६६–१९४४) यांनी फ्रॉइड यांना पत्राने कळविले, की धर्माचा खरा झरा पितृभीतीत नसून अथांगाशी एकरूप झाल्याच्या ‘सागरवत्’ भावनेत आहे. १९३० मध्ये फ्रॉइड यांनी ही भावना आपल्याला स्वतःमध्ये आढळत नाही, असे प्रांजळपणे सांगून शैशवातील अहंभावपूर्व अवस्थेशी तिचा संबंध जोडला. सी. जी. युंग (१८७५–१९६१) यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या मते धार्मिक प्रतीके ही सामूहिक अबोध मनातील आदिबंधांची रूपे असून मानसिक समग्रतेला ती आवश्यक आहेत. ईश्वराची प्रतिमा ही मानसिक वस्तुस्थिती आहे एवढेच आपण म्हणतो, प्रत्यक्ष ईश्वराविषयी काही म्हणत नाही, असे ते वारंवार सांगत. तरीही आस्तिक व नास्तिक दोघांनीही त्यांना विरुद्ध पक्षात ढकलले.

महाराष्ट्रातील विचार : पश्चिमेकडील या चर्चेशी थेट संवाद साधणारे महाराष्ट्रीय तत्त्वज्ञ म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७). पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. मिस्टिसिझम इन महाराष्ट्र (१९३३) या ग्रंथात त्यांनी ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांचे अनुभव पाश्चात्त्य गूढवाद्यांच्या अनुभवांशी ताडून पाहिले. दुष्काळ, आप्तांचे मृत्यू आणि व्यापारातील दिवाळे यांनी होरपळलेल्या तुकारामांची तळमळ त्यांनी ख्रिस्ती गूढवादातील ‘आत्म्याच्या अंधाऱ्या रात्री’शी जुळविली. स्वतः साधक असूनही रानडे यांनी अनुभवाचा निव्वळ दावा पुरेसा मानला नाही. अनुभवाची सार्वत्रिकता आणि अनुभव घेणाऱ्याची नैतिक उन्नती यांसारख्या कसोट्या त्यांनी पुढे केल्या. दुःख हे तुकारामांच्या भक्तीचे निमित्त होते, हे त्यांचे अभंगच सांगतात. परंतु तेवढ्यावरून त्या भक्तीचा आशय सांगून संपत नाही. त्या दुष्काळात होरपळलेले लोक अगणित होते. तुकाराम एकच झाले.

उत्तरकाल : वर्तनवादाच्या वर्चस्वाच्या काळात ही शाखा मागे पडली. तिला पुन्हा प्रतिष्ठा देण्यात गॉर्डन ऑल्पोर्ट (१८९७–१९६७) यांचा वाटा मोठा आहे. नियमित चर्चला जाणाऱ्यांत न जाणाऱ्यांपेक्षा वांशिक पूर्वग्रह सरासरीने अधिक आढळतात, हे अनेक पाहण्यांतून दिसून आले होते. बंधुभाव शिकविणाऱ्या धर्मासाठी हे निष्कर्ष लाजिरवाणे होते. ऑल्पोर्ट व रॉस यांनी १९६७ मध्ये दाखविले, की धर्माचा प्रतिष्ठा, सोबत किंवा सुरक्षितता यांसाठी वापर करणारे आणि धर्म अंतःकरणाने जगणारे, असा भेद केल्यास पहिल्या गटात पूर्वग्रह अधिक व दुसऱ्यात कमी आढळतात. पुढील संशोधकांनी या मापनपद्धतीतील उणिवा दाखविल्या. तथापि ‘मनुष्य धार्मिक आहे काय’ यापेक्षा ‘तो कशा प्रकारे धार्मिक आहे’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे, ही जाणीव रुजली.

१९६२ च्या गुड फ्रायडे दिवशी बॉस्टन येथे वॉल्टर पांकी यांनी वीस ईश्वरविद्या-विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांपैकी दहांना सिलोसायबिन हे भ्रमोत्पादक द्रव्य देण्यात आले. त्यांतील बहुतेकांना जेम्स यांच्या वर्णनाशी जुळणारे अनुभव आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत त्यांच्यापैकी पुष्कळांनी त्या अनुभवाचा ठसा आयुष्यभर टिकल्याचे सांगितले. मात्र एकाला तीव्र मानसिक त्रास होऊन शामक औषध द्यावे लागले होते आणि मूळ अहवालात त्याची नोंद नव्हती, हेही तेव्हा उघड झाले. रसायनाने उत्पन्न होणारा अनुभव सत्याचे दर्शन घडवू शकतो काय, हा जुनाच प्रश्न या प्रयोगाने नव्या रूपात उभा केला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस बोधात्मक मानसशास्त्राने या चर्चेत प्रवेश केला. पानांची सळसळ वारा असली तरी ती शत्रूची चाहूल समजणे जीव वाचविण्याच्या दृष्टीने हितावह. म्हणून सर्वत्र कर्ता शोधण्याची प्रवृत्ती मनुष्यात रुजली आणि देवादिकांच्या कल्पनांना तिने जमीन तयार केली, असे हे मत आहे. स्ट्यूअर्ट गथ्री, पास्कल बॉयर आणि जस्टिन बॅरेट हे त्याचे प्रमुख प्रवर्तक. यांतील बॅरेट हे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि या उपपत्तीने आपल्या श्रद्धेला बाध येतो असे त्यांना वाटत नाही. ह्यूमने भयापासून सुरू केलेले स्पष्टीकरण अशा रीतीने उत्क्रांतीपर्यंत येऊन पोहोचले. पण त्याने आरंभी वेगळा काढलेला पहिला प्रश्न वेगळाच राहिला.

मूल्यमापन : या शाखेने श्रद्धावंतांना आणि अश्रद्धांना सारखाच धडा दिला आहे. उत्कट अनुभव आला म्हणजे सत्य गवसले, असे श्रद्धावंताला म्हणता येत नाही. कारण तसाच अनुभव परस्परविरोधी मतांच्या लोकांना येतो. श्रद्धेचे कारण सापडले म्हणजे ती निकालात निघाली, असे टीकाकारालाही म्हणता येत नाही. कारण त्याच्या मताचेही कारण शोधता येते. तरीसुद्धा उत्पत्तीचे ज्ञान निरुपयोगी नाही. एखादी समजूत ती खरी असो वा नसो, आपल्या ठायी उपजलीच असती असे कळल्यावर तिच्यासाठी स्वतंत्र पुरावा मागणे हे प्रामाणिक मनाचे कर्तव्य ठरते. मृत्यू, दुःख आणि जीवनाचे प्रयोजन यांविषयीचे प्रश्न मानसशास्त्र सोडवू शकत नाही. ते प्रश्न विचारताना मनुष्य स्वतःला कोठे व कसा फसवू शकतो, हे मात्र ते दाखवू शकते. आणि ही जाणीव श्रद्धा व संशय या दोहोंना सारखीच उपकारक आहे.